हाताचं वजन

कॉम्प्युटरचे भाग विकणाऱ्या दुकानदारानं काचेच्या काउंटरवर दोन डबे ठेवले, तशी आचलनं पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला आणि उलगडून तळहातानं सपाट केला.

"साडेसहाशे वॅटच्या खाली नको," ती म्हणाली. "कार्डाच्या खोक्यावरच लिहिलं हाय. आन कार्डासाठी आठ पिनांच्या दोन वायरी वेगळ्या पाह्यजे. एकाच वायरले दोन तोंडं असली तं नाई चालत."

दुकानदाराचा हात जरा थांबला. मायलेकी दुकानात शिरल्या तेव्हा त्यानं विचारलं होतं, "सोबत भाऊ नाही आला का?" त्यावर आचल म्हणाली होती, "भाऊले यातलं समजत नाई." तेव्हा त्याला ती थट्टा वाटली असावी. आता तो तिच्या कागदावर वाकून ओळी वाचू लागला.

दाराजवळच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेल्या गोकुळानं ते बरोबर टिपलं. समोरच्याची नजर कुठं घुटमळते आणि कुठं ठरते हे, गोंडपिपरीच्या आठवडी बाजारात पंचवीस वर्षं मासोळी विकणाऱ्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही. तिनं पदर सारखा केला आणि पाठ ताठ केली. पोरगी बोलत होती त्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण दुकानदाराला कळत होतं आणि तो गप्प झाला होता, एवढं तिला पुष्कळ होतं.

खरं तर आज आचलचा बाप सोमाजी येणार होता. पण मच्छीमार सोसायटीचं जाळं नेमकं आजच तलावात पडायचं ठरलं, आणि नवऱ्यानं सकाळी खांद्यावर दुपट्टा टाकता टाकता बायकोला सांगितलं, "तूच जा पोरीसंगं. येवढी मोठी वस्तू हाय, दोघीजनी असलेल्या बऱ्या." गोकुळा तयारच होती. तिनं पेटीतलं मोरपंखी लुगडं नेसलं, कमरेला पान-सुपारीची चंची खोचली आणि सकाळच्या एसटीनं लेकीबरोबर चंद्रपूर गाठलं.

वस्तू मोठी होती ती एका कार्डामुळे. जानेवारीत नागपूरला कॉम्प्युटरवरच्या खेळांची स्पर्धा झाली. पाच-पाच जणांचे संघ होते. आचलच्या संघात ती एकटी मुलगी, आणि खेड्यातून आलेलीही ती एकटीच. संघाचा दुसरा नंबर आला, पण सगळ्या सामन्यांत उत्तम खेळली म्हणून हिला वेगळं बक्षीस मिळालं: दोन पंख्यांचं, वीतभर लांबीचं काळं कार्ड. त्या खेळात नेमकं काय करतात हे गोकुळाला आजतागायत उमगलेलं नाही. कोणीतरी पळतं, कोणीतरी लपतं, धूर होतो. पण त्यानंतरच्या बाजारात तिच्याकडून रोहू घेणाऱ्या प्रत्येकाला माशाबरोबर ही बातमीही घरी न्यावी लागली. "माह्या पोरीनं नागपूरच्या पोट्ट्याइले पानी पाजलं," ती सांगायची, आणि कतल्याचं डोकं फुकट टाकायची.

तेव्हापासून ते कार्ड ट्रंकेत, गोकुळाच्या चांगल्या लुगड्याच्या घडीत होतं. आचलनं बाकीचं यंत्र चिमणीनं घरटं बांधावं तसं जमवलं होतं. लोखंडी पेटी बंद पडलेल्या सायबर कॅफेतली, बोर्ड कॉलेजातल्या मैत्रिणीचा, पडदा जुना. फक्त पावर सप्लाय राहिला होता. पुढच्या महिन्यात पुन्हा सामने होते आणि ते घरूनच खेळायचे होते. सप्लाय चुकीचा निघाला तर कार्ड जळणार. तसलं कार्ड विकत घेणं घराच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि बक्षीस काही बाजारात मिळत नाही.

"पन तो डबा करते काय?" येताना एसटीत गोकुळानं विचारलं होतं.

"गावची लाईट कशी हाय, तुले मालूम हाय. कधी मिनमिन करते, कधी बल्ब फोडते. तशीच आत गेली तं सगळं खाक. हा डबा ती लाईट गाळते, मोजते, आन ज्याले जेवढी पाह्यजे तेवढीच देते."

गोकुळानं थोडा विचार केला. "म्हंजे पंगतीतला वाढपी."

आचल हसली. "हो. वाढपीच. आन हे कार्ड म्हंजे खादाड पाव्हना. खेळ रंगात आला का एकदम मागते. तेवढ्यात वाढप्याच्या हातून गरम वरनाचा गंज सुटला तं पाव्हनाच भाजते."

तेव्हापासून गोकुळाच्या मनात सगळं लख्ख झालं होतं. चांगला वाढपी शोधायला त्या चंद्रपूरला आल्या होत्या.

"हे तुम्ही लिहिलेलं मॉडेल आता येत नाही," दुकानदार कागद परत सरकवत म्हणाला. "हा छोटा साडेचारशेचा आहे, तो तुमच्या कामाचा नाही. हा घ्या. सातशे पन्नास. साडेसहाशेच्या जागी शंभर जास्तच. वायरी वेगळ्या, पंखा मोठा. आणि हातात घेऊन बघा ना ताई. माल वजनावर कळतो."

त्यानं डबा उघडून आतला काळा ठोकळा आचलच्या हातात दिला. तिचे दोन्ही हात जरासे खाली गेले आणि चेहरा उजळला. कागदावरची शेवटची ओळ गोकुळालाही पाठ होती, कारण पोरीनं ती घरी चारदा वाचून दाखवली होती: जड असावा. आत तांबं-लोखंड भरपूर असलं की ठोकळा जड लागतो, हलका असला तर समजावं की आत काही नाही.

"जड हाय," आचल आईकडे वळून म्हणाली. मग तिच्या अंगात काय आलं कोण जाणे, ती दुकानदाराला सांगू लागली, "माझी आई हातानं वजन सांगते. बाजारात ताजवा नाई, काटा नाई. हातावर मासोळी घेते आन सांगते. लोकं घरी जाऊन मोजतात, तं थोडी जास्तच भरते. तिच्या चंचीत एक गोटा हाय, तेच तिचं माप. पुऱ्या तालुक्यात तिच्यावानी हात नाई."

गोकुळाचं बोट चंचीवर होतं. ते तिथंच थांबलं. पोरगी अशी भरल्या दुकानात आपल्याविषयी बोलेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. छाती भरून आली, आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचलं.

"असं आहे का?" दुकानदार हसला. माणूस बोलायला गोड होता. "मग सांगा मावशी, हा किती भरेल?"

गोकुळा उठली. हात लुगड्याला पुसले आणि ठोकळा उजव्या तळव्यावर घेतला.

"सव्वादोन किलो. फरक पडला तं छटाकभर."

"वा! मानलं."

आचल अशी हसली की जणू नागपूरचं बक्षीस पुन्हा मिळालं. दुकानदारानं ठोकळा परत घ्यायला हात पुढं केला. पण गोकुळानं तो दिला नाही. तिनं तो उजव्या हातातून डाव्यात घेतला. मग आडवा केला. मग उलटा धरला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं.

मासोळी हातावर आडवी घेतली की तिचं वजन तळव्यावर पसरतं. डोक्याकडे थोडं जास्त, शेपटीकडे उतरत जाणारं. पोटात गोटा असला की वजन पसरत नाही. ते एका जागी बसून राहतं आणि बाकीचं अंग पोकळ लागतं. या ठोकळ्याचं सगळं वजन तळाच्या एका कोपऱ्यात बसलं होतं.

"याच्या पोटात काही टाकलं हाय," ती म्हणाली.

"काय?"

"वजन वाढवाले टाकलं हाय. एका बाजूले. याचं सोताचं वजन येवढं नाई."

दुकानदार मोकळेपणी हसला. "मावशी, हा मासा नाही."

"म्हनूनच म्हनून राह्यली. मासोळी असती तं चिरून दाखवली असती. तुमी खोलून दाखवा."

"खोलला की वॉरंटी गेली. कंपनीचं सील आहे."

आचलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं आवाज खाली आणला. "आई, जडच चांगला असते. मी किती दिवसांपासून पाहून राह्यली. आन तुले काय मालूम, पोटात टाकलं तं कसं लागते? आपल्या घरी कधी कोनी असं केलं नाई."

"तेच म्हणतो मी," दुकानदार खोकं जवळ ओढत म्हणाला. "पोटात काय काय घालतात ते मावशीलाच बरं ठाऊक."

तो सहज बोलला होता. पण गोकुळाच्या कानशिलात शब्द तापले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि ही मूठ तिनं चौदा वर्षं झाकून ठेवली होती. नवऱ्याला माहीत नव्हतं, पोराला, निकेशला माहीत नव्हतं. आताही हसून म्हणता आलं असतं, असंल बाबा, मले काय समजते तुमच्या डब्यातलं. पोरगी खूश होऊन घरी गेली असती. तालुक्यातला एक नंबरचा हात तसाच एक नंबरचा राहिला असता. आणि पुढच्या महिन्यात, खेळ रंगात आला असता तेव्हा, वाढप्याच्या हातून गंज सुटला असता.

तिनं ठोकळा काचेवर ठेवला. कमरेची चंची काढली, दोरी सैल केली, आणि सुपारीच्या खांडांमधून एक काळाभोर, नदीत घासून गुळगुळीत झालेला गोटा काढून ठोकळ्याच्या शेजारी ठेवला. लहानपणी आचल याच गोट्यानं सागरगोटे खेळली होती.

"हा माप नाई," गोकुळा म्हणाली. "हा रोहूच्या पोटातला हाय. म्या टाकला होता."

आचल आईकडे बघत राहिली.

"तू सहा वरसांची होती. त्या साली तलाव आटला होता, मासोळी बारीक निघे. पन गरज होती असं नाई म्हनत मी. सोपं होतं म्हनून केलं. नदीवरून गोटे आनाचे, गलफड्यातून आत सरकवाचे. दोन महिने केलं. कोन कशाले पाह्यते? मंग एक मासोळी मीराबाईच्या घरी गेली. शाळेत खिचडी शिजवे ते मीराबाई."

"मालूम हाय," आचल पुटपुटली.

"पुढच्या बाजारी ते आली. मले वाटलं, आता भर बाजारात भांडते. तिनं तोंडातून वंगाळ शब्द नाई काढला. हा गोटा माह्या ताजव्याच्या पारड्यात ठेवला आन म्हनली, गोकुळाबाई, याच्या वजनाची मासोळी दे. म्या देल्ली. तिनं पैसे देल्ले, मासोळी घेतली आन गेली. गोटा पारड्यातच राह्यला." गोकुळानं चंचीची दोरी आवळली. "त्या दिवसापासून ताजवा नाई धरला मी. हात लावाची लाज वाटे. हातानंच देत आली, आन कमी नको भराले म्हनून जास्तच देत आली. लोकं म्हनाले, बाईचा हात पाहा. म्या म्हनू देल्लं."

रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि काउंटरची काच थरथरली. गोटा ठोकळ्याच्या बाजूला जरासा सरकला. दुकानदार त्याच्याकडे बघत होता.

"म्हनून मले मालूम हाय, भाऊ," गोकुळा त्याला म्हणाली. "पोटात टाकलेलं हाताले कसं लागते ते."

आचलनं ठोकळा उचलून उलटा केला. बाजूला आकड्यांचा तक्ता छापला होता आणि त्याच्या खालच्या भागावर दुकानाच्या शिक्क्याची पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती. तिनं नखानं चिठ्ठीचा कोपरा उचकटला. दुकानदारानं "अहो ताई" एवढंच म्हटलं आणि थांबला. चिठ्ठी निघाली. आचलनं खाली वाकून आकडा वाचला, मग स्वतःच्या कागदावर पेनानं गुणाकार केला.

"बारा व्होल्टच्या लाईनीवर अठरा अँपियर," ती म्हणाली. "म्हंजे दोनशे सोळा वॅट. कार्डाले बाराचीच लाईन लागते. आन वरती सातशे पन्नास लिहिलं हाय."

हिशोब तिला पहिल्यापासून येत होता. वजनानं हुरळली आणि चिठ्ठीखाली बघायचं विसरली, एवढंच.

दुकानदारानं ठोकळा घेतला, खोक्यात घातला आणि खोकं काउंटरखाली ठेवलं. "माल येतो तसा विकतो मी," तो कोणाकडेच न बघता म्हणाला. "आत काय आहे ते मी तरी कुठं पाहिलं?" मग तो मागच्या खोलीत गेला. बराच वेळ खोकी सरकवल्याचा आवाज येत राहिला. परत आला तेव्हा त्याच्या हातात साधं खाकी खोकं होतं, वर चित्र ना रंग.

"साडेसहाशेचा आहे. एकच उरलाय. बल्लारपूरच्या एका गिऱ्हाइकासाठी ठेवला होता. त्याला मागवून देईन दुसरा."

आचलनं तक्ता वाचला. बाराची ओळ वाचली, पुन्हा गुणाकार केला, वायरी मोजल्या, दोन्ही तोंडं तपासली. मग कोणी न सांगता तिनं तो ठोकळा आईच्या पुढं धरला.

गोकुळानं लगेच हात पुढं केला नाही. लेकीच्या चेहऱ्यावर काय आहे ते तिला वाचता येत नव्हतं, आणि चेहरे वाचण्यात तर तिचा हातखंडा होता. शेवटी तिनं ठोकळा तळव्यावर घेतला. आडवा केला, उलटा केला, डोळे मिटले.

"पावनेदोन किलो."

"हलका हाय त्याच्याहून," आचल म्हणाली.

"हलका हाय. पन जेवढा हाय तेवढा सगळा त्याचाच हाय."

"मंग हाच द्या," आचल दुकानदाराला म्हणाली.

पैसे देऊन, खोकं कापडी पिशवीत घालून मायलेकी पायरी उतरल्या, तेव्हा मागून हाक आली.

"मावशी, तुमचा गोटा राहिला."

गोकुळा वळली. दुकानदार गोटा हातात घेऊन दारापर्यंत आला होता. त्याच्या तळव्यावर तो बारकासाच दिसत होता.

"राहू द्या, भाऊ," ती म्हणाली. "मले पाठ झाला तो."

बसस्टँडपर्यंत आचल दोन पावलं पुढं चालत होती. एसटीत खिडकीची जागा मिळाली ती तिनं आईला दिली आणि स्वतः बाजूला बसली. पिशवी गोकुळाच्या मांडीवर होती. गाडी सुटली, चंद्रपूर मागं पडलं, सागाची झाडं लागली. गोकुळाला विचारायचं होतं, पण कसं विचारायचं ते सुचत नव्हतं. पोरीनं दुकानात जे सांगितलं होतं, तालुक्यात हिच्यावानी हात नाई, ते ती आता पुन्हा कोणाला सांगेल का, एवढंच तिला कळून घ्यायचं होतं. तिचा हात सवयीनं चंचीकडे गेला. आत सुपारी होती आणि अडकित्ता होता.

कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापाशी आला. गोंडपिपरीच्या बाजारामुळे त्याला गोकुळा ओळखीची होती.

"काय बाई, आज टोपलं नाई? पिशवीत काय घेतलं येवढं मांडीवर धरून?"

गोकुळानं पिशवी सावरली. तेवढ्यात आचल बोलली.

"कॉम्प्युटरचा पावर सप्लाय हाय, भाऊ. आईनं पारखून घेतला."

"काय सांगतं!" कंडक्टरनं भुवया उंचावल्या. "बाईले कॉम्प्युटरमधलं समजते का?"

"कॉम्प्युटरमधलं नाई," आचल म्हणाली, आणि तिनं आईच्या हाताखाली हात घालून पिशवीचं अर्धं वजन आपल्याकडे घेतलं. "पोटातलं समजते."